कर्ट फ्लड ह्यांना कीर्तिमंदिरात जागा का नाही?

अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात कूपर्सटाऊन नावाचे एक लहान गाव आहे. बेसबॉल हा त्या देशाचा लाडका खेळ, आणि त्या खेळातील थोर पुरुषांचे 'हॉल ऑफ फेम' म्हणजे कीर्तिमंदिर ह्या गावी आहे. पहिल्या पाच खेळाडूंची निवड १९३६ साली झाली. १९३९ साली वास्तूचे दार उघडले. ज्याची निवड होते त्याच्या मुखाची प्रतिमा असलेला ब्राँझचा फलक तेथील भिंतीवर कायमचा लागतो. जुलै २०२५ मध्ये ह्या भिंतीवर डिक ॲलन ह्यांचा फलक लागला. ॲलन कृष्णवर्णीय होते. दोन वेळा केवळ एका मताने त्यांची निवड हुकली होती, आणि अखेर ती झाली तेव्हा ते हयात नव्हते. न्याय उशिरा झाला, तरी झाला. त्याबद्दल आम्हांस आनंदच आहे.

परंतु आमचा सवाल निराळा आहे. ऑक्टोबर १९६९ मध्ये फिलाडेल्फियाच्या मालकांनी ॲलन ह्यांना सेंट लुईसच्या मालकांच्या स्वाधीन केले. त्या अदलाबदलीत सेंट लुईसकडून फिलाडेल्फियाला जे खेळाडू द्यावयाचे ठरले होते, त्यांत एकाचे नाव कर्ट फ्लड असे होते. त्या माणसाने जाण्यास नकार दिला. आपण विकण्याची अगर बदलण्याची चीजवस्तू नाही, असे त्याने लेखी कळविले आणि मालकवर्गास न्यायालयात खेचले. ज्यांच्या मोबदल्यात त्यांना देऊ केले होते ते ॲलन आज कीर्तिमंदिरात आहेत. ज्यांच्यावर त्यांनी दावा लावला ते बोवी कून आज कीर्तिमंदिरात आहेत. ज्यांच्या संघटनेने दाव्याचा खर्च उचलला ते मार्विन मिलरही तेथे आहेत. दावा लावणारा मात्र दाराबाहेर उभा आहे. हे कोणत्या न्यायाने?

कोणी वाचक विचारील की, सातासमुद्रापलीकडच्या ह्या खेळाशी नवदीक्षित बौद्धांचा संबंध काय? आमच्या घरांतून बेसबॉल कोणी खेळत नाही, हे खरे. परंतु बाबासाहेब १९१३ ते १९१६ ह्या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, आणि १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस ह्यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रसंघापुढे कृष्णवर्णीयांनी मांडलेल्या अर्जाची प्रत मागविली. अस्पृश्यांचे दुःख आणि त्या लोकांचे दुःख ह्यांत किती साम्य आहे, हे त्या पत्रात त्यांनी सांगितले आहे. बाबासाहेबांनी जो संबंध जोडला तो तोडण्याचा अधिकार आम्हांला नाही. शिवाय फ्लड ह्यांचे प्रकरण हे मुळात हक्काचे व कायद्याचे प्रकरण आहे, आणि हक्काचे प्रकरण कोणत्याही देशात चालले तरी ते आमचेच असते.

कर्टिस चार्ल्स फ्लड ह्यांचा जन्म १८ जानेवारी १९३८ रोजी टेक्सास राज्यातील ह्यूस्टन येथे झाला. ते लहानाचे मोठे झाले कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे. अठराव्या वर्षी सिनसिनाटी संघाने त्यांना करारबद्ध केले आणि उमेदवारीसाठी दक्षिणेकडील राज्यांत धाडले. कॅलिफोर्नियात वाढलेल्या ह्या मुलाला दक्षिणेची ओळख तेथे झाली. संघातील गोरे खेळाडू खाणावळीत बसून जेवत, आणि ह्याने मागील दाराशी अगर मोटारीत बसून खावयाचे! एके दिवशी लागोपाठ दोन सामने होते. मधल्या वेळेत खेळाडूंनी घामाचे कपडे धुण्यासाठी एका ढिगात टाकले; ह्यानेही टाकले. तेथील गोऱ्या नोकराने एक लांब काठी आणली, काठीच्या टोकाने ह्याचे कपडे त्या ढिगातून उचलून वेगळे केले, आणि काळ्या लोकांचे कपडे धुणाऱ्या निराळ्या दुकानात पाठविले. ते परत येईपर्यंत हा मुलगा उघडाच बसून राहिला.

काठीचे टोक! वाचकहो, ह्या काठीची ओळख तुम्हांला करून द्यावी लागेल काय? पाणी वरून ओतणारा हात, पैसे दुरून फेकणारा हात आणि ही काठी ह्या तिन्हींना एकच विद्या शिकविलेली आहे.

१९५७ च्या अखेरीस सिनसिनाटीने त्यांना सेंट लुईस कार्डिनल्स संघास देऊन टाकले. तेथे १९५८ ते १९६९ अशी बारा वर्षे ते खेळले. बेसबॉलमध्ये मैदानाच्या दूरच्या भागात, मधोमध उभा राहून उंच उडालेले चेंडू झेलणाऱ्या खेळाडूवर फार मोठी जबाबदारी असते. ह्या जागेवर फ्लड ह्यांच्या तोडीचे खेळाडू त्या काळी एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. उत्कृष्ट क्षेत्ररक्षणासाठी दिला जाणारा 'गोल्ड ग्लोव्ह' १९६३ पासून १९६९ पर्यंत लागोपाठ सात वर्षे त्यांनाच मिळाला. १९६६ चा संपूर्ण हंगाम त्यांच्या हातून एकही चूक न होता पार पडला, आणि एकूण २२६ सामने लागोपाठ ते निर्दोष खेळले. फलंदाजीची त्यांची सरासरी .२९३ होती; .३०० च्या वरची सरासरी, जी त्या खेळात उत्तम समजली जाते, ती त्यांनी सहा हंगामांत गाठली. १९६४ व १९६७ साली त्यांचा संघ अजिंक्य ठरला. १९६८ च्या अंतिम सामन्यात एक चेंडू ओळखण्यात त्यांची चूक झाली, आणि ती चूक त्यांचे विरोधक अद्यापि उगाळीत असतात. बारा वर्षांत एक चूक लक्षात राहावी, ही देखील एक प्रकारची कीर्तीच म्हणावी लागेल.

मैदानाबाहेरही हा मनुष्य गप्प बसणारा नव्हता. १९६२ साली जॅकी रॉबिन्सन ह्यांच्याबरोबर ते मिसिसिपी राज्यातील जॅक्सन येथे कृष्णवर्णीयांच्या हक्कपरिषदेस गेले. त्या काळी त्या राज्यात असे जाणे म्हणजे जीव मुठीत धरून जाणे होते. १९६४ साली कॅलिफोर्नियात त्यांनी भाड्याने घेतलेल्या घरात त्यांना पाऊल टाकू देण्यास घरमालक तयार नव्हता. न्यायालयाचा हुकूम आणून त्यांना त्या घरात शिरावे लागले. अजिंक्य संघाचा खेळाडू, आणि त्याला राहण्यास घर नाही! शहरात घर शोधताना आडनाव सांगितल्यावर ज्यांना 'खोली कालच गेली' असे उत्तर मिळाले आहे, त्यांना ह्यावर अधिक काही सांगण्याची जरुरी नाही.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. बेसबॉलच्या करारात 'रिझर्व्ह क्लॉज' म्हणजे राखीव कलम म्हणून एक कलम होते. 'राखीव' हा शब्द आमच्या परिचयाचा आहे. परंतु तेथे जागा राखीव नव्हती, माणूस राखीव होता, आणि तोही मालकासाठी. १८७९ सालापासून मालकांनी ही पद्धत चालविली. करार एका वर्षाचा असे. वर्ष संपल्यावर त्याच करारास आणखी एक वर्ष मुदतवाढ देण्याचा हक्क मालकास असे. मालक म्हणत की, वाढविलेल्या करारातही हे मुदतवाढीचे कलम आहेच. सबब पुढील वर्षीही तो हक्क आहे, आणि त्याच्या पुढील वर्षीही आहे. अशा रीतीने एका वर्षाचा करार जन्माचा होत असे. मालकास वाटेल तेव्हा खेळाडूला विकता येई, बदलता येई, काढून टाकता येई. खेळाडूला मात्र दुसऱ्या संघाशी बोलणे करण्याचीही मुभा नव्हती. कबूल नसेल तर खेळ सोडून घरी बसावे, एवढे एकच स्वातंत्र्य त्याला होते.

ही रचना वाचून आम्हांस महार वतनाची आठवण झाली. तेथेही वतन म्हणजे मान आहे, जमीन आहे, बलुते आहे, असेच सांगितले जाई. आणि त्या मानाच्या मोबदल्यात बापापासून मुलापर्यंत सारे घर रात्रंदिवस सरकारच्या व गावाच्या हुकुमाखाली बांधलेले असे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल आणले, तेव्हा बंधन सोन्याचे आहे की लोखंडाचे हा प्रश्नच गौण आहे, हे ओळखूनच ते आणले होते.

७ ऑक्टोबर १९६९. बारा वर्षे एका संघासाठी घाम गाळलेल्या फ्लड ह्यांना पहाटे एका दुय्यम अधिकाऱ्याने टेलिफोनवरून कळविले की, तुम्हांला फिलाडेल्फियास दिले आहे. विचारले नाही, कळविले. त्या वेळी त्यांचे वय एकतीस होते आणि वार्षिक वेतन ९० हजार डॉलर. फिलाडेल्फियाचे मालक वेतन वाढवून देण्यासही तयार होते. म्हणजे निमूटपणे गेले असते तर पैशाचा तोटा काहीच नव्हता. खेळाडूंच्या संघटनेचे प्रमुख मार्विन मिलर ह्यांनी त्यांना बजाविले की, दावा लावलास तर तू बहुधा हरशील, आणि जिंकलास तरी पुन्हा ह्या खेळात तुला कोणी उभे करणार नाही. फ्लड ह्यांनी एवढेच विचारले की, मागाहून येणाऱ्या खेळाडूंना ह्याचा उपयोग होईल काय? होईल, असे उत्तर मिळाले. त्यावर त्यांनी निश्चय केला.

२४ डिसेंबर १९६९ रोजी त्यांनी बेसबॉलचे आयुक्त बोवी कून ह्यांना पत्र लिहिले. पत्र लहान आहे, भाषा सभ्य आहे. इतर संघांची बोलणीही विचारात घेण्याचा आपणास हक्क आहे, सबब आपण मोकळे आहोत हे सर्व संघांस कळवावे, एवढीच त्यात मागणी. कून ह्यांनी ती फेटाळली. जानेवारी १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या संघराज्यीय न्यायालयात दावा दाखल झाला. फ्लड ह्यांच्या बाजूने वकील होते आर्थर गोल्डबर्ग, जे स्वतः पूर्वी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते.

ह्या खटल्याच्या सुनावणीत जे घडले ते फार बोलके आहे. रंगभेदाची भिंत १९४७ साली पाडणारे जॅकी रॉबिन्सन साक्षीस आले. प्रकृती पार ढासळलेली, परंतु आले. ज्यू समाजातील जुने नामवंत खेळाडू हँक ग्रीनबर्ग आले. परंतु त्या वेळी प्रत्यक्ष मैदानावर खेळणाऱ्या शेकडो खेळाडूंपैकी एकही न्यायालयाची पायरी चढला नाही. संघटनेने एकमताने पाठिंब्याचा ठराव केला होता. ठरावाला मात्र पाय नसतात. ज्यांच्यासाठी हा मनुष्य आपल्या अन्नावर पाणी सोडीत होता, ते मालकाच्या रोषाला भिऊन घरी बसले. गावकीची कामे आम्ही करणार नाही, मेलेली जनावरे ओढणार नाही, असे ज्या पहिल्या घराने सांगितले, त्या घराशी आपल्याच आळीतील काही घरे बोलेनाशी झाली होती, हे ज्यांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले आहे, त्यांना त्या रिकाम्या बाकांचा अर्थ कळेल.

१९ जून १९७२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. फ्लड पाच विरुद्ध तीन मतांनी हरले. नववे न्यायाधीश पॉवेल ह्यांचे शेअर सेंट लुईस संघाच्या मालक कंपनीत असल्यामुळे ते बाजूस राहिले. ह्या निकालाबद्दल कायद्याचा अभ्यासक म्हणून दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण फ्लड 'हरले' ही गोष्ट त्यांच्या विरोधकांचे मुख्य हत्यार आहे.

१८९० च्या शर्मन कायद्याने अमेरिकेत व्यापारातील मक्तेदारीस बंदी केली. १९२२ साली न्यायमूर्ती होम्स ह्यांनी असे ठरविले की, बेसबॉलचे सामने हा राज्याराज्यांतील व्यापार नव्हे. सबब हा कायदा त्यास लागू नाही. १९५३ साली तोच निर्णय पुन्हा उचलून धरला गेला. त्यानंतर मुष्टियुद्धाचा प्रश्न आला, तेव्हा कायदा लागू आहे असे ठरले. फुटबॉलचा आला, तेव्हाही लागू आहे असे ठरले. मग एकटा बेसबॉलच सोवळ्यात का? १९७२ च्या निकालपत्रात न्यायमूर्ती ब्लॅकमन ह्यांनी स्वच्छ मान्य केले आहे की, बेसबॉल हा आंतरराज्य व्यापार आहे, आणि त्याला दिलेली सूट ही विसंगती आहे. इतके मान्य करूनही त्यांनी म्हटले की, विसंगती जुनी आहे, ती दूर करावयाची तर काँग्रेसने करावी! ह्याच निकालपत्राच्या पहिल्या भागात त्यांनी जुन्या खेळाडूंच्या नावांची भली मोठी यादी मोठ्या प्रेमाने दिली आहे. बहुमतातील दोघा न्यायाधीशांनी त्या भागावर सही करण्याचे नाकारले. आमच्या मते तेथेच ह्या निकालाचे मर्म आहे: न्यायाधीश खेळाच्या प्रेमात होते, आणि न्याय मागणारा माणूस त्या प्रेमाच्या आड येत होता. विरुद्ध मत देणाऱ्या तिघांपैकी एक होते थर्गुड मार्शल, त्या न्यायालयातील पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश. दुसरे न्यायमूर्ती डग्लस ह्यांनी तर, १९५३ च्या निर्णयात आपण सामील झालो ह्याचा पश्चात्ताप होतो, असे लिहून ठेवले. असा कबुलीजबाब न्यायासनावरून क्वचितच ऐकू येतो. राहता राहिले न्यायमूर्ती ब्रेनन. ते ह्या दोघांशी सहमत होते.

गुलामगिरी व सक्तीची चाकरी बंद करणाऱ्या १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीचाही आधार फ्लड ह्यांनी घेतला होता. त्यावर उत्तर असे मिळाले की, खेळ सोडण्याची मोकळीक असताना सक्ती कसली? आणि बाहेर लोक म्हणत, नव्वद हजार डॉलर घेणारा गुलाम कसला? ह्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर आमच्या देशाच्या राज्यघटनेत आहे. बाबासाहेब ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते तिने सिद्ध केलेल्या संविधानाचे २३ वे कलम वेठबिगार व सक्तीच्या श्रमास बंदी करते. १९८२ साली, दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठी चाललेल्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात, न्यायमूर्ती भगवती ह्यांनी ह्या कलमाचा अर्थ लावला. मोबदला मिळाला म्हणून सक्तीचे श्रम सक्तीचे राहत नाहीत असे नव्हे. आणि सक्ती केवळ दंडुक्याची नसते, दुसरा मार्ग बंद करणारी आर्थिक परिस्थिती ही देखील सक्तीच होय, असे त्यांनी ठरविले. उपाशी मजुराचा तो खटला आणि सधन खेळाडूचा हा, ह्यांत अंतर मोठे आहे हे आम्ही जाणतो. परंतु तत्त्व एकच आहे. ज्याला एकच विद्या येते, त्याला ती विद्या सोड असे सांगणे म्हणजे मोकळीक देणे नव्हे.

आणखी एक दाखला आपल्याच महाराष्ट्राच्या मातीतला आहे. श्रीरामपूरचे क्रिकेटपटू जहीर खान ह्यांच्या जाहिरातींचे काम पाहणाऱ्या कंपनीने, करार संपल्यानंतरही त्यांनी आधी आपल्यालाच विचारले पाहिजे, असा हक्क सांगितला. २००६ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १८७२ च्या करार कायद्याच्या २७ व्या कलमाकडे बोट दाखवून तो हक्क निरर्थक ठरविला. मुदत संपली की माणूस मोकळा. फ्लड ह्यांनी ह्याहून अधिक काय मागितले होते?

सारांश, ते न्यायालयात हरले तरी त्यांची बाजू चूक होती असे नव्हे. आणि फळही फार दिवस लांबले नाही. १९७३ साली मालकांनी असा नियम मान्य केला की, दहा वर्षे खेळलेल्या व त्यांपैकी शेवटची पाच एकाच संघात काढलेल्या खेळाडूला त्याच्या संमतीवाचून बदलू नये. हा नियम चार वर्षे आधी असता तर फ्लड ह्यांना कोणी हलवू शकले नसते. २३ डिसेंबर १९७५ रोजी लवाद पीटर साइट्झ ह्यांनी मेसरस्मिथ व मॅकनॅली ह्या दोन खेळाडूंच्या प्रकरणात, मुदतवाढ एकाच वर्षापुरती आहे, असे ठरविले आणि शंभर वर्षे जुनी होत आलेली ती बेडी तुटली. १९९८ साली अमेरिकेच्या काँग्रेसने केलेल्या कायद्याने वरच्या श्रेणीच्या बेसबॉल खेळाडूंच्या नोकरीच्या बाबतीत मक्तेदारीविरोधी कायदा लागू केला, आणि त्या कायद्याला नावच 'कर्ट फ्लड कायदा' असे दिले. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्स संघाने हुआन सोतो नामक खेळाडूशी पंधरा वर्षांसाठी ७६ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला. ह्या रकमेचा प्रत्येक डॉलर त्या ख्रिसमसच्या आदल्या दिवशीच्या पत्राचे देणे लागतो.

फ्लड ह्यांच्या पदरी काय पडले? १९७० चा संपूर्ण हंगाम ते खेळले नाहीत. १९७१ साली वॉशिंग्टन संघाकडून तेरा सामने खेळून, मन व शरीर साथ देईनासे झाल्याने, त्यांनी मैदान सोडले आणि ते स्पेनच्या मायोर्का बेटावर निघून गेले. पुढे दारू जडली, पैसा गेला. ह्यावर पांघरूण घालण्याचे आम्हांला कारण नाही. नंतर ते सावरले, हेही तितकेच खरे. २० जानेवारी १९९७ रोजी घशाच्या कर्करोगाने त्यांचा अंत झाला. तो दिवस मार्टिन ल्यूथर किंग ह्यांच्या स्मरणार्थ पाळल्या जाणाऱ्या सुट्टीचा होता.

आता विरोधकांचे म्हणणे पाहू. ते म्हणतात, फटक्यांची संख्या कमी पडते. फ्लड ह्यांचे यशस्वी फटके १,८६१ भरतात. लांब कारकीर्दीच्या खेळाडूंचे ह्याहून पुष्कळ अधिक असतात. परंतु कारकीर्द लांबली का नाही? एकतिसाव्या वर्षी कोणाच्या कलमामुळे ती तुटली? माणसाचे पाय तोडावयाचे आणि मग तो शर्यत पुरी करू शकला नाही म्हणून त्याला नापास करावयाचे, असा हा हिशेब आहे. शिवाय केवळ फलंदाजीच्या आकड्यांवरच निवड होते, हेही खरे नव्हे. पिट्सबर्गचे बिल मॅझेरॉस्की ह्यांची सरासरी .२६० होती, म्हणजे फ्लड ह्यांच्याहून बरीच कमी. त्यांची निवड २००१ साली झाली ती मुख्यतः क्षेत्ररक्षणातील कौशल्याबद्दल. ती योग्यच झाली. मग तोच न्याय सात 'गोल्ड ग्लोव्ह' मिळविणाऱ्यास का नको?

त्याहून महत्त्वाचे म्हणजे खुद्द कीर्तिमंदिराचा नियम. खेळाडूची कामगिरी, खेळण्याची कुवत, सचोटी, खिलाडूवृत्ती, चारित्र्य आणि संघासाठी केलेले कार्य अशा सहा कसोट्या त्यात लिहिल्या आहेत. नियम वाचताना त्यातील एकही शब्द निरर्थक धरू नये, असे कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शिकवितात. सचोटी आणि चारित्र्य हे शब्द शोभेसाठी घातलेले नसतील, तर ते ह्या माणसाला लावून पाहा. वृत्तपत्रकारांच्या मतदानात निवडीसाठी शेकडा ७५ मते लागतात. १९९६ साली, त्यांच्या नावाची मुदत संपण्याच्या अखेरच्या खेपेस, फ्लड ह्यांना शेकडा पंधराच्या जरा पुढे मते मिळाली. त्यांच्या वाट्याला आलेले सर्वांत मोठे यश ते हेच.

चारित्र्याची कसोटी इतकी कडक असेल तर भिंतीवर आधीपासून कोण बसले आहेत, तेही पाहावे लागेल. कृष्णवर्णीय समोर असेल तर आपण खेळणार नाही असे म्हणणारे कॅप ॲन्सन १९३९ पासून तेथे आहेत. ज्यांच्या चोवीस वर्षांच्या अमदानीत वरच्या श्रेणीत एकाही कृष्णवर्णीयाचा प्रवेश झाला नाही ते आयुक्त लँडिस तेथे आहेत. ज्यांच्या बॉस्टन संघाने सर्वांत शेवटी, १९५९ साली, कृष्णवर्णीय खेळाडू घेतला ते मालक टॉम यॉकी तेथे आहेत. कून ह्यांची निवड डिसेंबर २००७ मध्ये झाली, तेव्हा त्याच मतदानात मिलर नाकारले गेले. मिलर ह्यांना जागा मिळाली ती त्यांच्या मृत्यूनंतर. १९७१ साली कृष्णवर्णीयांच्या जुन्या वेगळ्या संघांतील सॅचेल पेज ह्यांची निवड झाली, तेव्हा त्यांचे फलक निराळ्या दालनात लावावेत असा पहिला बेत होता! ओरड झाली म्हणून तो सोडावा लागला. कीर्तिमंदिरातही वेगळा पाणवठा करू पाहणारी ही मंडळी!

आपल्या देशातही हे घडले आहे. पळवणकर बाळू हे १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेणारे गोलंदाज. परंतु चर्मकार म्हणून हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही, आणि पुण्याच्या क्लबात त्यांना चहा बाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. १९३७ च्या निवडणुकीत हेच बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले व पडले. त्या राजकारणात ते चूक होते, असे आमचे स्पष्ट मत आहे. तरीही खेळाडू म्हणून त्यांच्यावर झालेला अन्याय अन्यायच राहतो. हक्काची भाषा बोलणाऱ्याने आपल्या-परक्याचा हिशेब ठेवून चालत नाही, आणि म्हणूनच फ्लड ह्यांच्याबद्दल लिहिताना आम्हांला परकेपणा वाटत नाही.

फ्लड ह्यांचे नाव कायद्याला दिले, त्यांच्यावर ग्रंथ झाले, चित्रपट झाले. सन्मानाची कमतरता नाही. परंतु भिंतीवरचा फलक देण्याची वेळ आली की आकडे आठवतात. पुतळा उभारावयाचा आणि पुतळ्याच्या गळ्यात हार घालताना त्याने मागितलेल्या हक्काबद्दल बोलावयाचे नाही, ही युक्ती आम्ही दर एप्रिल महिन्यात पाहतो.

आता करावयाचे काय, ते सांगतो. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या शंभराहून अधिक सभासदांनी फ्लड ह्यांच्या निवडीची मागणी करणारे पत्र कीर्तिमंदिरास धाडले. त्याने काम भागले नाही. डिसेंबर २०२१ च्या मतदानासाठी जी नावे ठरली त्यांत फ्लड नव्हते. डिसेंबर २०२४ च्या आठ नावांतही नव्हते. म्हणजे मते देऊन त्यांना नाकारले, असेही झाले नाही. समितीपुढे त्यांचे नाव ठेवण्याचेच टाळले गेले. जुन्या काळच्या खेळाडूंचा विचार करणारी सोळा सभासदांची समिती पुन्हा बसेल ती डिसेंबर २०२७ मध्ये. निवडीसाठी सोळांपैकी बारा मते लागतील. परंतु त्याआधी आठ नावांच्या यादीत नाव यावयास हवे, आणि ती यादी करणारे लोक वेगळे असतात. न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया ह्या भागांत आमचे पुष्कळ धम्मबांधव नोकरीनिमित्त स्थायिक झाले आहेत. १४ एप्रिलला आणि धम्मचक्र प्रवर्तनदिनी ते एकत्र जमतात. त्यांनी आपापल्या सभांतून एक ठराव करावा आणि तो कूपर्सटाऊनच्या पत्त्यावर, कीर्तिमंदिराच्या अध्यक्षांच्या नावे, २०२७ चे वर्ष उजाडण्यापूर्वी रवाना करावा. ठरावाखाली सह्या असाव्यात, आणि सहीबरोबर प्रत्येकाने आपला पत्ताही लिहावा.